छत्रीखालचा गोली

आमच्या शाळेत गोली निवडायची रीत सोपी होती. ज्याला पळता येत नाही, तो गोली. असे दोघे निघाले, तर त्यांतला चष्मेवाला गोली. मी दोन्ही निकषांवर बिनविरोध निवडून यायचो. पावसाळ्यात मैदानाची लापशी व्हायची. गोलपोस्ट म्हणून दोन दप्तरं ठेवलेली असत आणि त्यांतलं एक माझंच असे. त्यामुळे चेंडूपेक्षा भूगोलाची वही वाचवण्याकडे माझं लक्ष जास्त. एकदा शेजारच्या शाळेने आमच्यावर अकरा गोल चढवले. अकरावा झाल्यावर पीटीचे सर सावकाश चालत आले, माझा चष्मा काढला, स्वतःच्या रुमालाने पुसला, पुन्हा माझ्या नाकावर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी ते कधीच विसरून गेलो असतो.

माझा भाचा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून युरोपातले सामने बघतो. परवा सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी चहा पिता पिता म्हणाला, "मामा, तुला माहितीये? एका माणसाने एका मॅचमध्ये तेरा गोल केलेत."

"गोली कोण होता?" मी विचारलं.

"असेल कोणीतरी."

या 'असेल कोणीतरी'चा मला राग आहे. विक्रमांच्या यादीत गोल करणाऱ्याचं नाव ठळक छापतात, पण तेरा गोल हवेत होत नाहीत. ते कोणावर तरी व्हावे लागतात. म्हणून मी फुटबॉलचे विक्रम उलट्या बाजूने वाचतो. कोणी केले ते सोडा, कोणी खाल्ले ते सांगा.

भाच्याचा तो तेरा गोलवाला म्हणजे जॉन पेट्री. तारीख १२ सप्टेंबर १८८५. जागा आर्ब्रोथ, म्हणजे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं, धुरी दिलेल्या माशांसाठी नावाजलेलं गाव. स्कॉटिश कपच्या सामन्यात आर्ब्रोथच्या संघाने अ‍ॅबर्डीनहून आलेल्या बॉन अ‍ॅकॉर्डला ३६-० असं धुतलं, आणि आणखी काही गोल पंचांनी नाकारले ते वेगळेच. पाहुण्यांच्या गोलात उभा होता अँड्र्यू लॉर्नी. हा मुळात गोली नव्हताच. तो मधल्या फळीत खेळायचा. त्याला गोलात कोणी आणि का उभं केलं असेल हे मला कोणी समजावून सांगायला नको. एवढंच विचारायचंय, त्याला चष्मा होता का?

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. १८८५ साली गोलाला जाळी नव्हती. जाळी आली त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे गोल झाला की चेंडू जाळीत गुपचूप पडून राहत नसे, तो पुढे जिथवर जाईल तिथवर जाई, आणि कोणाला तरी तो आणावा लागे. छत्तीस वेळा! दुसरीकडे आर्ब्रोथचा गोली जिम मिल्न याच्याकडे म्हणे चेंडू एकदाही फिरकला नाही. पाऊस पडत होता, तेव्हा त्याने एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली उभं राहून बराचसा सामना काढला. एकाच मैदानावर, एकाच पावसात, एकाच हुद्द्याची दोन माणसं. एक छत्रीखाली आणि एक चेंडूमागे चिखलात.

गंमत म्हणजे त्याच दिवशी, त्याच स्पर्धेत, जवळच्याच डंडी गावात डंडी हार्प संघाने अ‍ॅबर्डीन रोव्हर्सला ३५-० ने हरवलं होतं. सांगतात ते असं, की पंचांच्या वहीत ३७ गोल होते. पण हार्पचे चिटणीस म्हणाले, माझ्या हिशोबाने ३५च होतात. पंचांनी सज्जनपणे ३५ मान्य केले. दोन गोलांनी विश्वविक्रम गेला! आपल्याकडे गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाला लोक उगाच बोलतात. या गृहस्थाने प्रामाणिक हिशोब ठेवून स्वतःच्या संघाचं जेवढं नुकसान केलं, तेवढं कुठल्या अफरातफर करणाऱ्यालाही जमलं नसतं. अ‍ॅबर्डीनकरांसाठी मात्र तो शनिवार एकंदर कठीण गेला. दोन संघ बाहेरगावी पाठवले, एकाहत्तर गोल घेऊन परत आले.

आंतरराष्ट्रीय सामन्यात पेट्रीच्या तेरा गोलांची बरोबरी व्हायला २००१ साल उजाडावं लागलं. ११ एप्रिलला ऑस्ट्रेलियातल्या कॉफ्स हार्बरमध्ये विश्वचषक पात्रतेचा सामना होता, यजमान विरुद्ध अमेरिकन सामोआ. आर्ची थॉम्पसनने १३ गोल केले, डेव्हिड झ्द्रिलिकने ८. निकाल ३१-०. फलकावर आधी ३२ लागले होते. मग अधिकाऱ्यांनी पुन्हा हिशोब केला, तेव्हा एक गोल चुकून जास्त मांडलेला निघाला. फलक लावणाऱ्यालाही दोष देता येत नाही. अशा वेळी माणूस मोजत नाही, अंदाज करतो.

अमेरिकन सामोआच्या गोलात होता निकी सलापू. त्याच्या संघाची कहाणी ऐकली की आपली पासपोर्ट ऑफिसातली गाऱ्हाणी फिकी वाटतात. पासपोर्टच्या नियमामुळे मूळ संघातले जवळजवळ सगळे खेळाडू अपात्र ठरले, उरला एकटा सलापू. वीस वर्षांखालच्या मुलांना बोलवावं, तर त्यांच्या शाळेच्या परीक्षा. शेवटी मिळतील ती पोरं गोळा केली, त्यांत पंधरा वर्षांचीही होती. समोर ऑस्ट्रेलिया, ज्यांनी दोनच दिवसांपूर्वी टोंगाला २२-० असा हात दाखवला होता. तरीही पहिली दहा मिनिटं गोलफलक कोरा राहिला. ही दहा मिनिटं कोणी लक्षात ठेवत नाही. ती मी ठेवतो. उरलेल्या ऐंशी मिनिटांत ३१ गोल, म्हणजे साधारण अडीच मिनिटाला एक. तेवढ्या वेळात आमच्याकडे गॅसवर दूध उतू जातं.

पण गोलांचा खरा डोंगर पाहायचा असेल तर मादागास्करला जायला हवं. ३१ ऑक्टोबर २००२. आदेमा विरुद्ध एसओई. निकाल १४९-०. आकडा वाचून आपण समजतो की आदेमाचे लोक भलतेच तयारीचे असणार. आदेमाच्या लोकांनी काहीही केलं नाही. ते उभे राहून बघत होते. एकशे एकोणपन्नासच्या एकशे एकोणपन्नास गोल एसओईने स्वतःच्याच गोलात मारले! आधीच्या एका सामन्यात पंचांनी शेवटी शेवटी दिलेली पेनल्टी त्यांना अन्यायाची वाटली होती, तिने त्यांची विजेतेपदाची आशा गेली होती, म्हणून हा निषेध. आपल्याला असहकार ठाऊक आहे. हा त्याचा नेमका उलटा प्रकार. प्रतिपक्षाशी इतका सहकार करायचा, की पंचाला तोंड दाखवायला जागा उरू नये.

नव्वद मिनिटांत १४९, म्हणजे दर छत्तीस सेकंदाला एक. ही सोपी गोष्ट नाही. प्रत्येक गोलनंतर चेंडू मध्यावर न्यायचा, पंचाने शिट्टी वाजवायची, मग मागे फिरून आपल्याच घरावर हल्ला. मोर्चा आणि उपोषण या मार्गांत जो आराम असतो, तो यात नाही. मला काळजी एसओईच्या गोलीची. त्याने नव्वद मिनिटं काय केलं असेल? अडवायचं म्हटलं तर संघाशी द्रोह, नाही अडवायचं म्हटलं तर हात शिवशिवणार. प्रशिक्षकाला तीन वर्षं बंदी झाली, चार खेळाडूही निलंबित झाले. आणि प्रेक्षक? त्यांनी तिकीट खिडकीवर जाऊन पैसे परत मागितले. दर छत्तीस सेकंदाला एक गोल बघूनही! लग्नात पाच जिलब्या खाऊन मठ्ठा पातळ होता म्हणणारी मंडळी फक्त आपल्याकडेच असतात असा माझा समज होता.

आता कोणी म्हणेल, असले प्रकार दूरदेशी व्हायचे. तर जरा गोव्यात येऊ. २००४ साली तिथल्या दुसऱ्या विभागाच्या स्पर्धेत दोन संघ वरच्या विभागात जायला टपलेले, आणि सगळं गोलफरकावर अडलेलं. शेवटचे सामने झाले. कुडतरी जिमखान्याने सांगोल्डा लायटनिंगला ६१-१ ने हरवलं. तिकडे विल्फ्रेड लेझरने दोना पावलाच्या संघाला ५५-१ ने. नंतर चारही संघांवर एका वर्षाची बंदी आली, यात नवल नाही. एखाद्याने दहाच्या जागी पंधरा गोल केले असते तर पचलंही असतं. पण शेजारी किती झाले हे मिनिटामिनिटाला कळत असलं की माणसाचा तोल राहत नाही. गणपतीच्या मांडवांची उंची याच तत्त्वावर वाढते.

मला या दोन निकालांत एकसष्टपेक्षा आणि पंचावन्नपेक्षा तो 'एक' फार आवडतो. सगळं ठरलेलं. गोल खायचे ठरलेले, चढवायचे ठरलेले. अशा वेळी हरणाऱ्या बाजूचा कोणीतरी गडी चेंडू घेऊन पुढे गेला आणि त्याने चक्क गोल मारला. एकाला बैठकीचा निरोप मिळालाच नसेल, किंवा मिळूनही पाय ऐकला नसेल. आणि समोर तो गोली! साठ गोलांची आघाडी, विरोधक हरायला बांधलेले, तरी त्याने एक खाल्ला. हा माणूस मला भेटला तर मी त्याला जेवायला बोलवीन. दोन्ही सामन्यांत हे घडलं हेही विशेष. २०१३ साली नायजेरियात हाच खेळ ७९-० आणि ६७-० असा झाला. त्यांपैकी पहिल्यात मध्यंतराला सातच गोल होते, उरलेले बहात्तर उत्तरार्धात. तिथे तो प्रामाणिक 'एक' दोन्हीकडे नाही. गोव्याच्या मातीत काहीतरी आहे.

आता स्वयंगोलाबद्दल. स्वयंगोल म्हणजे गोलीच्या पाठीत खंजीर, आणि तोही घरचाच. ख्रिस निकोल नावाच्या अ‍ॅस्टन व्हिलाच्या बचावपटूने २० मार्च १९७६ रोजी लेस्टरविरुद्धच्या सामन्यातले चारही गोल एकट्याने मारले. सामना २-२ बरोबरीत सुटला. दोन इकडे, दोन तिकडे. इतका निःपक्षपाती माणूस न्यायखात्यात असायला हवा होता. आठवण म्हणून त्याने चेंडू मागितला, तर पंच म्हणाले की हा माझा शेवटचा सामना आहे, चेंडू मी नेणार. अशी गोष्ट सांगतात. चार गोल मारून हातात काहीच नाही.

पण निकोलचे दोन अपघात होते. ठरवून, शुद्धीवर असताना आणि नियमांचा नीट अभ्यास करून स्वतःवर गोल मारण्याची मोठी गोष्ट २७ जानेवारी १९९४ रोजी घडली, बार्बाडोस विरुद्ध ग्रेनाडा, कॅरिबियन कप. ती जरा सावकाश सांगावी लागेल, कारण मी भाच्याला तीनदा सांगितली आणि दोनदा मीच गोंधळलो.

बार्बाडोसला पुढे जायला दोन गोलांच्या फरकाने जिंकणं भाग होतं. एकाच गोलाने जिंकले तर ग्रेनाडा पुढे. त्यात संयोजकांनी एक नियम केला होता. सामना बरोबरीत संपू द्यायचा नाही, जादा वेळ खेळवायचा, त्यात पहिला गोल झाला की खेळ खलास, आणि तो गोल दोन म्हणून धरायचा. एकाला दोन धरा, असं गणित फक्त सरकारी भत्त्यांत आढळतं. असो. बार्बाडोस २-० ने पुढे, सगळं मनासारखं. ८३व्या मिनिटाला ग्रेनाडाने एक फेडला. २-१. आता उरलेल्या सात मिनिटांत आणखी एक गोल हवा, आणि ग्रेनाडाचे सगळे गोलासमोर भिंत बांधून उभे. तेव्हा बार्बाडोसच्या कोणाच्या तरी डोक्यात वीज चमकली. इथे गोल होत नाही ना? मग आपण बरोबरी करू. जादा वेळ मिळेल, तिथे एक गोल मारला की दोन मिळतात, काम फत्ते! ८७व्या मिनिटाला बचावपटू सीली आणि गोली स्टाउट यांनी आपसांत चेंडू इकडेतिकडे केला, आणि सीलीने तो शांतपणे स्वतःच्या गोलात घातला. २-२.

ग्रेनाडाचे लोक क्षणभर बावरले. मग त्यांना उमगलं की आपण ३-२ ने हरलो तरी पुढे जातो आणि ३-२ ने जिंकलो तरी जातो. फक्त बरोबरी नको. म्हणजे कुठल्याही गोलात चेंडू घाला, आपलंच भलं. ते धावले स्वतःच्या गोलाकडे. पण बार्बाडोसवाले तिथे आधीच पोहोचलेले! पुढची तीन मिनिटं बार्बाडोस दोन्ही गोलांचं रक्षण करत होता. शेजारी स्वतःच्या घराला काडी लावायला निघालाय आणि आपण त्याच्याच दारात पाण्याची बादली घेऊन उभे, असा तो देखावा. ग्रेनाडाच्या गोलीचा विचार करा. आयुष्यभर त्याला शिकवलं, समोरून येईल त्याला अडव. इथे समोरून त्याचेच भाऊ येतायत आणि शत्रू त्याच्या मदतीला उभे आहेत. आमच्या शाळेत एवढी गुंतागुंत नव्हती. अकरा म्हणजे अकरा.

जादा वेळेत ट्रेव्हर थॉर्नने गोल मारला. त्याचे दोन झाले, निकाल ४-२, बार्बाडोस पुढे. हरलेले प्रशिक्षक जेम्स क्लार्कसन यांनी हा नियम करणाऱ्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात व्हावी अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं. मला ते सौम्य वाटलं. चार वर्षांनी आशियातल्या टायगर कपमध्ये थायलंड आणि इंडोनेशिया दोघांनाही हरायचं होतं, कारण जिंकणाऱ्याला पुढे यजमान व्हिएतनामशी भिडायला हनोईला जावं लागणार होतं. इंडोनेशियाच्या मुर्सिद एफेंदीने अखेर स्वतःवर गोल मारून बाजी मारली, म्हणजे हरली, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांतून जन्मभराची बंदी घेतली.

कार्डांचे विक्रम मी भराभर सांगतो, कारण त्यांत गोलीला काम नसतं. इंग्लंडमध्ये २००० साली ली टॉड नावाच्या हौशी खेळाडूला सामना सुरू झाल्यावर दोन सेकंदांत लाल कार्ड मिळालं. तो पंचाकडे पाठ करून उभा होता, शिट्टी कानाशी वाजली, आणि केवढा हा आवाज, अशा अर्थाचं त्याच्या तोंडून जरा मसालेदार शब्दांत निघालं. दिवाळीत पायाशी लवंगी फुटली तर आमच्या वाड्यातले सत्तरीचे आजोबाही तेच म्हणायचे. अर्जेंटिनात २०११ साली क्लेपोल आणि व्हिक्टोरियानो अरेनास यांच्या सामन्यात हाणामारी झाली आणि पंच दामियान रुबिनो यांनी ३६ लाल कार्डं दाखवली. खेळणारे, राखीव, प्रशिक्षक, सगळे. घरी कोणी उरलं असेल तर पत्ता द्या, पाठवतो, एवढंच बाकी होतं. कोलंबियाच्या जेरार्दो बेदोयाने कारकिर्दीत ४६ लाल कार्डं मिळवली. निवृत्तीनंतर सहायक प्रशिक्षक म्हणून बाकावर बसला, तर पहिल्याच सामन्यात एकविसाव्या मिनिटाला त्याला तिथूनही हाकललं. काही माणसांना बढती मानवत नाही.

पंचांचंही चुकतं. २००६ च्या विश्वचषकात ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या योसिप शिमुनिचला तीन पिवळी कार्डं दिली, तेव्हा कुठे तो बाहेर गेला. वास्तविक दोनातच जायला हवा. सामना ऑस्ट्रेलियाशी, शिमुनिच ऑस्ट्रेलियात जन्मलेला, बोलणं अस्सल ऑस्ट्रेलियन. पोल यांनी एक कार्ड ऑस्ट्रेलियाच्या तीन नंबरच्या खात्यावर टाकलं. रेशन कार्डावर शेजाऱ्याचं नाव चढतं, तसं.

आता आमच्या बिरादरीचे विक्रम. ब्राझीलच्या साओ पावलो क्लबचा गोली रोजेरियो सेनी याने कारकिर्दीत सव्वाशेच्या वर गोल केले, फ्री किक आणि पेनल्टीवर. जग त्याला डोक्यावर घेतं. मला तो थोडा फितूर वाटतो. आपल्याच धंद्यातल्या माणसाच्या पोटावर पाय देऊन एवढं नाव कमवायचं? त्यापेक्षा मला आस्मिर बेगोविच जवळचा. २ नोव्हेंबर २०१३ ला स्टोककडून खेळताना त्याने स्वतःच्या गोलासमोरून लांब लाथ मारली, चेंडू वाऱ्यावर गेला, टप्पा खाऊन साउदॅम्प्टनच्या आर्तुर बोरुचच्या डोक्यावरून गोलात. सामन्याचा तेरावा सेकंद, अंतर ९१.९ मीटर, विक्रम. सगळे नाचले. बेगोविच नाचला नाही. बोरुचबद्दल वाईट वाटलं, असं त्याने नंतर सांगितलं. पुढे २०२१ साली न्यूपोर्टच्या टॉम किंगने ९६.०१ मीटरवरून गोल मारून तो विक्रम मोडला. किंगही गोलीच.

आणि १९८६ च्या मे महिन्यात सेव्हिल शहरात हेल्मुट डुकाडाम नावाच्या मिशीवाल्या रुमानियन गोलीने युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाच्या चारच्या चार पेनल्टी अडवल्या. १२० मिनिटांत कोणाचाच गोल नाही, आणि मग हे. त्या रात्रीचा एक जुना तुकडा मी कधीकधी रात्री एकटाच बघतो. भाचा विचारतो, "मामा, परत तेच?" मी म्हणतो, "तू झोप."

सलापूचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या ३१ गोलांनंतर दहा वर्षांनी, २२ नोव्हेंबर २०११ ला, अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ ने हरवलं. जगाच्या क्रमवारीत तळाशी असलेल्या संघाचा तो पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय विजय. आणि गोलात? तोच. निकी सलापू. मी भाच्याला म्हटलं, "बघ, 'असेल कोणीतरी'." तो म्हणाला, "पण टोंगाचा एक गोल झालाच ना?"

शेवटी सॅम बार्ट्राम. नाताळचा दिवस, १९३७. लंडनमध्ये चेल्सीच्या मैदानावर चार्ल्टनचा सामना, आणि धुकं असं, की हळूहळू काहीच दिसेना. चार्ल्टनच्या गोलात बार्ट्राम. आपल्याकडे चेंडू येत नाही, म्हणजे आपले लोक तिकडे जोरात हल्ला करत असणार, अशी त्याची खात्री. तो खूश. मध्येच पुढे दोन पावलं जाऊन डोकावे, पुन्हा आपल्या जागी येऊन उभा राही. बराच वेळ गेला. मग धुक्यातून एक आकृती आली. तो एक पोलीस होता. म्हणाला, इथे काय करताय? सामना पाव तासापूर्वीच थांबवला, मैदान रिकामं आहे. बार्ट्राम चाचपडत खोलीत पोहोचला, तेव्हा बाकीचे दहा जण अंघोळी आटोपून, कपडे बदलून, त्याची वाट बघत हसत बसले होते.